वाशीमचा काळा दगड आणि हिंदी महासागरातली बेटं: भारत स्वतःच एक बेट होता तेव्हाची गोष्ट

वाशीम जिल्ह्यात कुठेही विहीर खोदली तरी थोड्याच वेळात काळा दगड लागतो. रस्त्याची खडी, जुन्या वाड्यांची जोती, देवळांचे चिरे आणि शेतातली काळी माती, सगळं याच दगडाचं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर असला तरी या दगडाचं नातं एका बेटाशी आहे. वाशीमपासून सुमारे ५ हजार किलोमीटरवर, मादागास्करच्या पूर्वेला असलेलं हे बेट म्हणजे रियुनियन. तिथला ज्वालामुखी आजही धगधगतो आणि दख्खनचा लाव्हा त्याच उष्णतेच्या स्रोतातून आला, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात.

हा लाव्हा ओतला जात होता तेव्हा हिमालय नव्हता, अरबी समुद्र आजच्यासारखा नव्हता आणि भारत आशियाला जोडलेलाही नव्हता. चारही बाजूंनी पाणी असलेलं ते एक भलंमोठं बेट होतं. त्या बेटाचा प्रवास कसा झाला, मागे कोणती बेटं राहिली आणि त्याचा वाशीमच्या आजच्या पाण्याशी काय संबंध आहे, ते पाहू.

थोडक्यात महत्त्वाचं

• वाशीम जिल्ह्याचा जवळपास सगळा भाग बेसाल्ट या अग्निजन्य खडकावर वसलेला आहे.
• हा खडक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून तयार झाला. त्या वेळी हा भूभाग दक्षिण गोलार्धात होता.
• मालदीव, चागोस, मॉरिशस आणि रियुनियन ही त्याच ज्वालामुखी साखळीतली पुढची ठिकाणं मानली जातात.
• सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला धडकला आणि त्याचं बेटपण संपलं.
• या काळ्या दगडाची रचनाच वाशीमच्या विहिरींचं पाणी ठरवते.

गोंडवन: जगाला मिळालेलं मध्य भारताचं नाव

पृथ्वीचं बाहेरचं कवच सलग नाही. ते लहानमोठ्या तुकड्यांत विभागलेलं आहे. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. खालचं प्रावरण घन असूनही तापलेलं असल्यामुळे अतिशय संथपणे वाहतं आणि त्यावरचे भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर सरकत राहतात. माणसाच्या नखाची वाढही साधारण याच गतीची असते.

३० कोटी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि मादागास्कर हे सगळे भूभाग एकत्र होते. या महाखंडाला गोंडवन किंवा गोंडवाना म्हणतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ साली मध्य भारतातल्या एका खडकसमूहाला गोंडांच्या प्रदेशावरून हे नाव दिलं. पुढे १८८५ साली ऑस्ट्रियाचे भूशास्त्रज्ञ एडुआर्ड सूस यांनी ते दक्षिणेकडच्या संपूर्ण महाखंडासाठी वापरलं. त्यामुळे आज जगभरातल्या भूगोलाच्या पुस्तकांत गोंडांचं नाव आहे.

या महाखंडाचा विदर्भातला पुरावा म्हणजे वणी, बल्लारपूर, चंद्रपूर भागातला दगडी कोळसा. तो गोंडवन काळातल्या जंगलांचा आहे. त्या जंगलातल्या ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे भारताबरोबरच आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अगदी अंटार्क्टिकातही सापडतात. मधे महासागर असताना ही वनस्पती सगळीकडे पोहोचणं अवघड होतं. तेव्हा जमीनच सलग होती, हे त्याचं सर्वांत सोपं उत्तर.

भारत बेट कधी झाला?

गोंडवन एका दिवसात फुटलं नाही. तुकडे पडण्याचा क्रम साधारण असा होता.

सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी महाखंडाला मोठ्या भेगा पडायला सुरुवात झाली. सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी भारत आणि मादागास्करचा जोड तुकडा अंटार्क्टिका व ऑस्ट्रेलियापासून वेगळा होऊ लागला. सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी मादागास्करही सुटलं. कर्नाटकात उडुपीजवळच्या मालपे किनाऱ्यासमोर सेंट मेरीज बेटं आहेत. तिथले दगडी खांब याच फुटीच्या वेळच्या ज्वालामुखीचे अवशेष मानले जातात.

यानंतर भारत एकटा उत्तरेकडे निघाला. सेशेल्स हा एक छोटा तुकडा तेवढा अजून चिकटलेला होता. दख्खनच्या ज्वालामुखी काळाच्या आसपास, म्हणजे ६ कोटी ५० लाख ते ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी, तोही सुटला. म्हणूनच सेशेल्सची माहे आणि आसपासची बेटं समुद्राच्या मधोमध असूनही ग्रॅनाइटची आहेत. महासागरातली बहुतेक बेटं ज्वालामुखीची किंवा प्रवाळांची असतात. ही बेटं मात्र खंडाचा उरलेला तुकडा आहेत आणि त्यांचा ग्रॅनाइट सुमारे ७५ कोटी वर्षं जुना आहे.

या ताटातुटीचा एक जिवंत साक्षीदारही आहे. केरळमधल्या पश्चिम घाटात सापडलेल्या जांभळ्या बेडकाचं शास्त्रीय वर्णन २००३ साली प्रसिद्ध झालं. वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली राहणाऱ्या या बेडकाच्या कुळाचे सर्वांत जवळचे नातेवाईक सेशेल्समध्ये आहेत. बेडूक खाऱ्या पाण्यातून इतका लांबचा प्रवास करू शकत नाही. जमीन दुभंगली आणि भावकी दोन्हीकडे वाटली गेली, असंच म्हणावं लागतं.

लाव्हा आला कुठून?

प्रावरणात काही ठिकाणी खूप खोलवरून तप्त खडकाचा झोत वर येतो, असं मानलं जातं. अशा जागेला हॉटस्पॉट म्हणतात. भूपट्ट वरून सरकत जातो, हॉटस्पॉट मात्र जवळपास आपल्या जागीच राहतो.

भारताचा पश्चिम भाग ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी रियुनियनच्या हॉटस्पॉटवर आला. झोताचा माथा प्रचंड मोठा होता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. शंकूच्या आकाराचा डोंगर आणि त्याच्या शिखरातून उसळणारी आग असं हे चित्र नव्हतं. पातळ लाव्हा पाण्याच्या पुरासारखा सखल भागात पसरत गेला, थिजला आणि काही काळाने त्यावर पुढचा थर आला. काही प्रवाह तर आजच्या आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रीपर्यंत पोहोचले. जगातल्या सर्वांत लांब लाव्हा प्रवाहांत त्यांची गणना होते.

थरांवर थर साचून डोंगरांना पायऱ्यांसारखा आकार आला. स्वीडिश भाषेत जिन्याला ‘ट्रॅपा’ म्हणतात. त्यावरूनच या खडकांना दख्खन ट्रॅप हे नाव मिळालं. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. झीज होण्यापूर्वी आणि समुद्राखाली जाण्यापूर्वी तो याच्या कितीतरी पट असावा. सह्याद्रीत थरांची एकूण जाडी २ किलोमीटरच्या वर जाते. पूर्वेकडे ती कमी होत जाते आणि नागपूरच्या आसपास हा खडक संपतो. वाशीम या दोन टोकांच्या मधे येतं.

खाली किती थर आहेत, हे काही ठिकाणी प्रत्यक्ष भोक पाडून पाहिलं गेलं आहे. कोयना परिसरातल्या एका खोल छिद्रात बेसाल्टची जाडी ९३० मीटरच्या आसपास भरली. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत ती ३३८ मीटर निघाली. दोन्ही ठिकाणी त्याखाली कोट्यवधी वर्षं जुना ग्रॅनाइटसारखा पाया लागला. म्हणजे बेसाल्ट हे मूळ जमिनीवर पसरलेलं जाड पांघरूण आहे.

एका सुईचे टाके: मालदीव ते रियुनियन

शिलाई मशीनची सुई एकाच जागी वरखाली होते, कापड मात्र पुढे सरकतं आणि टाक्यांची रांग पडत जाते. रियुनियनचा हॉटस्पॉट ही सुई आणि भारतीय भूपट्ट हे कापड. भारत उत्तरेकडे सरकत गेला तसे दक्षिणेकडे ज्वालामुखीचे टाके पडत गेले.

ही कल्पना तपासण्यासाठी १९८७ साली एका आंतरराष्ट्रीय मोहिमेत हिंदी महासागराच्या तळाशी छिद्रं पाडून खडकांचे नमुने घेतले गेले. त्यांची वयं आणि बेटांवरच्या खडकांची वयं एका रांगेत मांडली तर चित्र असं दिसतं.

• दख्खन: सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं
• मालदीवखालचा ज्वालामुखी खडक: सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षं
• चागोस: सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षं
• मस्कारीन पठारावरचा नाझरेथ उथळा: सुमारे ३ कोटी ३० लाख वर्षं
• मॉरिशस: सुमारे ८० ते ९० लाख वर्षं
• रियुनियन: समुद्राबाहेरचा भाग सुमारे २० लाख वर्षांचा, ज्वालामुखी अजून जागा

उत्तरेकडून दक्षिणेकडे जावं तसं वय कमी होत जातं. हा क्रम योगायोगाने जुळणं फार कठीण आहे.

मधे एक बदल मात्र झाला. मध्यसागरी पर्वतरांग, म्हणजे दोन भूपट्टांमधला सांधा, हॉटस्पॉटवरून सरकला. त्यामुळे चागोसपर्यंतचे टाके भारताच्या बाजूला पडले आणि मस्कारीन पठारापासून पुढचे आफ्रिकेच्या भूपट्टावर. सुई तीच राहिली, खालचं कापड बदललं.

लक्षद्वीप आणि मालदीवला गेलेल्या पर्यटकाला तिथे काळा दगड दिसत नाही, दिसते ती पांढरी वाळू. कारण मूळ ज्वालामुखी थंड होत समुद्रात खचत गेले आणि त्यांच्या माथ्यावर प्रवाळ वाढत राहिले. प्रवाळबेटांच्या निर्मितीचं हे स्पष्टीकरण चार्ल्स डार्विन यांनी १८४२ साली मांडलं होतं.

मॉरिशसचा किस्सा आणखी वेगळा आहे. या तरुण ज्वालामुखी बेटावर झिरकॉन या खनिजाचे अतिप्राचीन कण सापडले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांतल्या काहींचं वय ३०० कोटी वर्षांपर्यंत निघालं. बेटापेक्षा खनिज जुनं कसं? मादागास्कर आणि भारत वेगळे होताना मधे राहिलेल्या एखाद्या खंडीय तुकड्यातून लाव्हाने हे कण वर आणले असावेत, असं संशोधकांचं म्हणणं आहे. त्या हरवलेल्या तुकड्याला त्यांनी ‘मॉरिशिया’ हे नाव वापरलं.

याच मॉरिशसवर आज मराठी भाषिक समाज आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातून, विशेषतः कोकणातून, उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्या लोकांचे ते वंशज. दख्खनच्या काळ्या दगडावरून निघालेली ती माणसं त्याच हॉटस्पॉटच्या दुसऱ्या काळ्या दगडावर जाऊन वसली.

दगडातलं होकायंत्र

हा सगळा भूभाग दक्षिण गोलार्धात होता, हे कळलं कसं? उत्तर बेसाल्टमध्येच आहे. लाव्हा थिजताना त्यातले लोहयुक्त कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने रांगेत बसतात आणि पुढे तसेच गोठून राहतात. ही दिशा विषुववृत्ताजवळ जवळपास आडवी असते, ध्रुवांकडे ती अधिकाधिक तिरपी होत जाते. त्यामुळे तिरपेपणा मोजला की दगड कोणत्या अक्षांशावर थिजला ते काढता येतं.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या संशोधकांनी १९५०च्या दशकात दख्खनच्या दगडांवर हे मोजमाप केलं. खंड सरकतात ही कल्पना त्या वेळी अनेक शास्त्रज्ञांना मान्य नव्हती. पण दख्खनचे दगड तिरपेपणातून दक्षिण गोलार्धाचाच पत्ता सांगत होते. खंड सरकले हे जगाला पटवून देणाऱ्या सुरुवातीच्या पुराव्यांत महाराष्ट्राच्या दगडाचा असा वाटा आहे.

वाशीम आज सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि रियुनियन सुमारे २१ अंश दक्षिण अक्षांशावर. विषुववृत्ताच्या दोन बाजूंची ही जवळपास सारखी अंतरं पाहिली की प्रवासाचा आवाका लक्षात येतो.

त्या बेटावर कोण राहत होतं?

दोन लाव्हा प्रवाहांच्या मधे कधी कधी हजारो वर्षांची विश्रांती असे. त्या काळात तळी साचत, झाडं उगवत, मासे, बेडूक, गोगलगायी नांदत. मग पुन्हा लाव्हा येऊन ते सगळं झाकून टाकत असे. नागपूरच्या टाकळी भागातल्या अशा मधल्या थरांतले जीवाश्म एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासले गेले आहेत.

चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा हे गाव तर डायनोसॉरच्या अवशेषांसाठी जगभरातल्या अभ्यासकांना माहीत आहे. तिथे सापडलेल्या, दगड झालेल्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अंश आढळले. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झालं. डायनोसॉरच्या काळात गवत होतं, हे त्यातून दिसलं.

मग डायनोसॉर संपले ते दख्खनच्या लाव्हामुळे का? याच सुमारास मेक्सिकोच्या युकातान भागात एक मोठा लघुग्रह आदळला आणि सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं विवर तयार झालं. विनाशाचं मुख्य कारण तो आघात होता, याकडे बहुतेक अभ्यासकांचा कल आहे. दख्खनच्या ज्वालामुखीने वातावरणात सोडलेल्या कार्बन डायऑक्साइड आणि गंधकयुक्त वायूंचा त्यात किती हात होता, यावर वाद चालू आहे. २०१९ साली दोन संशोधन गटांनी दख्खनच्या थरांची अतिशय बारकाईने वयं काढली. लाव्हाचा मुख्य भाग सुमारे १० लाख वर्षांत बाहेर आला आणि आघाताच्या आधी व नंतरही उद्रेक चालू होते, यावर दोघांचं एकमत आहे. सर्वांत मोठे उद्रेक नेमके केव्हा झाले, यावर मतभेद आहेत.

बेट आशियाला धडकलं

मादागास्कर सुटल्यानंतर भारताचा वेग वाढला. एका टप्प्यावर तो वर्षाला १५ सेंटिमीटरच्या पुढे गेला. भूपट्टांच्या हिशेबात ही सुसाट धाव म्हणायची. इतका वेग का, यावर वेगवेगळी मतं आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या आणि जर्मन संशोधकांच्या २००७ सालच्या अभ्यासानुसार भारताच्या भूपट्टाची जाडी इतर गोंडवन तुकड्यांच्या मानाने बरीच कमी, म्हणजे सुमारे १०० किलोमीटर आहे. त्यामुळे तो हलका होऊन पळाला असावा. आशियाच्या बाजूला खाली जाणाऱ्या सागरतळाने त्याला ओढलं आणि हॉटस्पॉटने मागून रेटलं, अशीही कारणं मांडली जातात.

सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारत आशियाला भिडला. मधल्या समुद्राचा तळ दुमडून वर आला आणि हिमालय उभा राहिला. वेग घटला, पण प्रवास थांबलेला नाही. भारतीय भूपट्ट आजही वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो.

या रेट्याचा ताण हिमालयापुरता राहत नाही. पट्टाच्या आतल्या जुन्या, कमकुवत भेगांवरही तो येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे १० हजार माणसं गेली. वाशीमच्या शेजारी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा भूकंप १० जुलै २०२४ रोजी झाला. दख्खनचं पठार स्थिर आहे, पण पूर्णपणे निश्चिंत नाही.

वाशीमच्या विहिरीत हा इतिहास कसा दिसतो?

जुन्या वऱ्हाडात पूर्णा नदीच्या सखल खोऱ्याला पायनघाट आणि दक्षिणेच्या उंच पठाराला बालाघाट म्हणत. वाशीम बालाघाटावर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर. हा पाणलोटाचा माथा आहे. जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला जाऊन पूर्णा व तापीमार्गे अरबी समुद्राला मिळते. अडाण, अरुणावती आणि पूस या नद्यांचं पाणी मात्र पैनगंगा, वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात जातं. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. माथ्यावरच्या भागाला वरून पाणी येत नाही. जे पडेल तेवढंच.

ते पाणी खाली किती मुरणार, हे लाव्हाच्या थरांवर ठरतं. प्रत्येक प्रवाहाचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या दगड म्हणतात. तो झिजलेला असेल तर पाणी धरतो. प्रवाहाचा मधला भाग घट्ट काळा फत्तर असतो. त्यात भेगा असतील तरच पाणी मिळतं. दोन प्रवाहांच्या मधे कधी लाल मातीचा थर लागतो. एक लाव्हा थिजल्यावर त्याची माती झाली आणि पुढच्या लाव्हाने ती भाजून काढली, तोच हा थर. तो पाणी सहसा खाली जाऊ देत नाही.

वाळूच्या थरात पाणी सगळीकडे सारखं पसरतं, बेसाल्टमध्ये तसं होत नाही. एका विहिरीला भरपूर पाणी आणि शंभर पावलांवरचं बोअर कोरडं, हा अनुभव इथल्या शेतकऱ्याला नवा नाही. त्यात नशिबापेक्षा थरांचा आणि भेगांचा भाग जास्त असतो. खडकात साठवण मुळातच कमी असल्यामुळे बोअर आणखी खोल नेलं म्हणजे पाणी लागेलच असं नाही. खाली घट्ट फत्तरच असेल तर खर्च वाया जातो. म्हणूनच नाला खोलीकरण, शेततळं, बांधबंदिस्ती अशी कामं करताना पाणी मुरेल असा थर कुठे उघडा आहे, हे आधी पाहणं महत्त्वाचं ठरतं. त्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची मदत घेता येते.

काळी माती हीसुद्धा याच दगडाची लेक. बेसाल्ट झिजून तयार झालेली चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ओल धरून ठेवते म्हणून कापूस, सोयाबीन, तुरीला ती मानवते. फुगण्या-आकसण्याच्या याच गुणामुळे उथळ पायाच्या घरांच्या भिंती तडकतात.

या दगडाला वाशीमने इतिहासातही ओळखलं होतं. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. याच शाखेच्या हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्याची काही सर्वांत सुंदर लेणी कोरली गेली. ती दख्खनच्या बेसाल्टमध्येच आहेत.

नेहमीचे गैरसमज

लोणार हा ज्वालामुखीचा खड्डा आहे का?
नाही. वाशीम शहरापासून सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटरवरचं लोणार सरोवर अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने बनलं. खड्डा बेसाल्टमध्ये पडला असल्यामुळे गल्लत होते. बेसाल्ट कोट्यवधी वर्षं जुना आहे. खड्ड्याचं वय काढण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींनी सुमारे ५० हजार ते पावणेसहा लाख वर्षं अशी उत्तरं आली आहेत.

सहा कोनी दगडी खांब म्हणजे पुरलेलं देऊळ का?
नाही. लाव्हा सावकाश थंड होताना आकसतो आणि त्याला नियमित भेगा पडतात. यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पार्डी परिसरात २०२१ साली असे खांब उघडे पडले. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडीही याच प्रकारची.

वाशीममध्ये पुन्हा ज्वालामुखी जागा होईल का?
तशी शक्यता मानली जात नाही. ज्या स्रोतातून लाव्हा आला तो आता ५ हजार किलोमीटर मागे राहिला आहे. भूकंपाचा धक्का बसला की ‘जमिनीखाली लाव्हा उकळतोय’ असे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. धक्के भेगांवरच्या ताणामुळे येतात, लाव्हामुळे नाही.

हॉटस्पॉटचा सिद्धांत सगळ्यांना मान्य आहे का?
बहुतेकांना, पण सर्वांना नाही. खंड ताणला जाऊन फुटताना लाव्हा बाहेर आला, त्यासाठी खोलवरच्या झोताची गरज नाही, असं मानणारे भूशास्त्रज्ञही आहेत. लाव्हाचं वय आणि भारताचा प्रवास याबद्दल मात्र दोन्ही बाजूंचं फारसं दुमत नाही.